दोन बादल्यांची पद्धत

काळा रंग सगळं पोटात घालतो, हा समज ज्यांच्याकडे काळी गाडी नाही अशा लोकांनी पसरवलेला आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. पांढऱ्या गाडीला बैल घासून गेला तरी मालकाला ते पुढच्या दिवाळीत कळतं. काळ्या गाडीकडे कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं तरी रेघ उमटते. म्हणून काळी गाडी घेणं हा नुसता खरेदीचा मामला नसून स्वभावाचा प्रश्न आहे, आणि चेरीतालच्या गुणवंतराव पुराणिकांचा स्वभाव या कामाला अगदी योग्य होता.

गुणवंतराव एका सरकारी कार्यालयात आवक-जावक शाखेचे अधीक्षक. तीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही कागद नोंद न होता पुढे गेला नाही (पुढे तो कुठे गेला, हा दुसऱ्या शाखेचा प्रश्न). पुराणिकांचं घराणं भोसल्यांच्या काळात दप्तर सांभाळायला जबलपुरात आलं. राज्य गेलं, दप्तर सांभाळायची सवय राहिली. कार्यालयात सगळा पत्रव्यवहार हिंदीत चालतो, त्यामुळे मराठीत नियम तयार करण्याची त्यांची हौस तीस वर्षं दबून होती. तिला वाट मिळायला एक गाडी यावी लागली.

गाडी घेण्याचं कारण मुळीच चैनीचं नव्हतं, आणि ते लेखी आहे. सरकारी माणसाला वाहन घेताना कार्यालयाला कळवावं लागतं. त्या अर्जात ‘प्रयोजन’ या रकान्यात गुणवंतरावांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘वृद्ध माता को उनकी बहन के घर ले जाना.’ अर्ज मंजूर झाला आणि फायलीला लागला.

वृद्ध माता म्हणजे इंदिराबाई, वय एकोणऐंशी. त्यांची धाकटी बहीण बेबीताई विजय नगरात राहते. चेरीतालहून विजय नगर साधारण चार किलोमीटर. पण इंदिराबाईंचा डावा गुडघा ऑटोच्या पायरीइतका वर उचलला जात नाही, आणि ई-रिक्षात बसलं तर वाटेतला प्रत्येक गतिरोधक त्या गुडघ्यातून जातो. बेबीताईंनी यावं, तर त्यांचे यजमान अच्युतराव अंथरुणाला खिळलेले. त्यांना सोडून लांब कुठे जाता येत नाही. तेव्हा दोघी बहिणी रोज संध्याकाळी पाच वाजता फोनवर बोलत. वीस मिनिटांच्या बोलण्यात बारा मिनिटं “ऐकू येऊन राहिलं का?” यात जात आणि उरलेल्या आठांत आज भाजी कोणती केली ते व्हायचं. एकमेकींचं तोंड पाहून त्यांना तेव्हाच बरेच महिने झाले होते. गाडी आली की हा प्रश्न सुटणार होता.

गाडी आली. शोरूममधल्या माणसानं तिच्यावरचं लाल साटीनचं कापड झटक्यानं ओढलं, आणि शेवटचा हात म्हणून पिवळ्या फडक्यानं बॉनेट खसाखसा पुसून दिलं. गुणवंतराव त्याला “थँक्यू भैया” म्हणाले. पुढे हे दोन शब्द त्यांना फार लागले.

पहिल्याच रविवारी अकरा वाजता बेबीताईंकडे निघायचं ठरलं. इंदिराबाई साडेआठपासूनच ठेवणीतलं लुगडं नेसून, बेबीला आवडतात म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन सोफ्यावर तयार बसल्या होत्या. पावणेअकराला गुणवंतराव गाडी काढायला बाहेर आले. ऊन थेट बॉनेटवर आलं होतं, आणि त्या उन्हाच्या गोळ्याभोवती त्यांना एक जाळं दिसलं. केसाहून बारीक, गोल गोल, कोळ्यानं विणावं तसं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, तर हाताला काहीच लागलं नाही. डोळे मिटून उघडले, तर जाळं तिथंच.

“काहून रे, निघायचं न?” इंदिराबाईंनी आतून विचारलं.

“पाच मिनिटं, आई.”

त्या पाच मिनिटांना अकरा महिने लागले.

नेपियर टाउनमध्ये अनिमेष नावाचा एक तरुण गाड्यांच्या रंगाचा उपचार करतो. त्याच्या दुकानाला दुकान म्हणायचं नाही, स्टुडिओ म्हणायचं. आत इतकी स्वच्छता असते की गुणवंतरावांनी पहिल्या भेटीत दाराशी चपला काढल्या. अनिमेषनं बॉनेटवर टॉर्च धरला, मान तिरपी केली आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात त्या सुरात सांगितलं, “सर, ये स्वर्ल है. हर काली गाड़ी में होता है. आपने देख लिया, बस यही प्रॉब्लम है.”

मग त्यानं शास्त्र समजावलं. धूळ म्हणजे दगडच, फक्त बारीक. कोरडा फडका फिरवला की तो हे दगड रंगावरच्या पारदर्शक थरावरून ओढत नेतो. ओरखडे खरं तर गोल नसतातच. ते वाटेल तसे, सगळ्या दिशांना असतात. पण दिवा धरला की त्याच्या प्रकाशाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती गोल दिसतात. थोडक्यात, टॉर्च जिथं धराल तिथं ओरखडे गोळा होतात, आणि टॉर्च हलवला की तेही त्याच्या मागे येतात. कुणी सामान्य माणूस असता तर त्यानं टॉर्च बंद केला असता. गुणवंतराव तसलाच टॉर्च विकत घेऊन घरी आले.

त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत पोर्चच्या भिंतीवर, प्लास्टिकच्या आवरणात, ‘वाहन-पृष्ठभाग संरक्षण नियमावली’ लागली. एकूण नियम एकवीस. त्यांतले प्रमुख येणेप्रमाणे :

१. गाडीस कोरडा हात, कोरडा फडका, पदर, बाही अथवा ओढणी लागू नये. (या नियमाचा भंग हा सर्व नियमांचा भंग समजण्यात येईल.)

२. धुणे दोन बादल्यांच्या पद्धतीनेच. पहिल्या बादलीत साबणाचे पाणी, दुसऱ्या बादलीत साधे. हातमोजा आधी साबणात, मग गाडीवर, मग साध्या पाण्यात खळबळून पुन्हा साबणात. दोन्ही बादल्यांच्या तळाशी जाळी ठेवावी, म्हणजे खडा खाली बसतो व वर येत नाही. बादल्यांची अदलाबदल करू नये.

३. हात वरून खाली, सरळ रेषेत चालवावा. गोल फिरवू नये. (गोल फिरवण्याची सवय देवाची भांडी घासताना लागते, ती भांड्यांपुरतीच ठेवावी.)

४. बाहेर धूळ असल्यास गाडी काढू नये.

५. गाडी पुसू नये, टिपावी. कव्हर घालू नये. कव्हरच्या आतही धूळ असतेच.

६. जमिनीवर पडलेला फडका त्या क्षणापासून सेवामुक्त समजावा.

७. सणासुदीस हळद, कुंकू, अक्षता, फुले व नारळ यांनी गाडीपासून तीन फुटांचे अंतर राखावे.

गुणवंतरावांच्या पत्नी विनताताई शाळेत गणित शिकवतात. त्यांना दोन बादल्यांची पद्धत तत्त्वतः पटली. घरात एकूण बादल्या तीन आहेत, एवढंच त्यांनी निदर्शनास आणून दिलं. त्या दिवसापासून चार माणसांच्या अंघोळी उरलेल्या एका बादलीवर होऊ लागल्या. सातव्या नियमानुसार दसऱ्याला स्वस्तिक कोऱ्या कागदावर काढण्यात आलं आणि तो कागद आतल्या बाजूनं काचेला चिकटवण्यात आला. झेंडूचा हार शेजारच्या सायकलला घातला. पूजा शास्त्रोक्त झाली, हे मात्र सर्वांनी मान्य केलं.

वाचायला सगळ्यांत साधा नियम चौथा. पण जबलपुरात तो लावायचा म्हणजे पंचांगच हातात घ्यावं लागतं. हिवाळ्यात पहाटेचं दंव धुळीवर पडून तिचा लेप होतो, म्हणून गाडी काढता येत नाही. उन्हाळ्यात नुसती धूळच असते. पावसाळ्यात धूळ नसते, चिखल असतो. आणि चिखल म्हणजे ओली धूळ, हे कुणीही मान्य करील. या तिन्हींतून जे थोडे दिवस वाचतात त्या दिवसांत रस्ता कुठे ना कुठे खणलेला असतो. अशा रीतीनं नियम चार हा बारमाही नियम ठरला, आणि गुणवंतरावांना त्याचं मनापासून वाईट वाटे. पण वाईट वाटतं म्हणून नियमाला सूट देणारे अधीक्षक ते नव्हते.

दर शनिवारी संध्याकाळी, बहिणीचा फोन ठेवला की इंदिराबाई विचारीत, “उद्या जमते का रे, गुणवंता?”

“उद्या नको, आई. धूळ फार आहे बाहेर. एकदा गाडी निष्कलंक झाली न, की पहिली चक्कर तुझीच.”

हे ते खोटं बोलत नसत. इंदिराबाईंनाही ते खोटं वाटत नसे. आपला मुलगा दर रविवारी दोन बादल्या घेऊन तीन तास उन्हात वाकलेला असतो, हे त्या खिडकीतून पाहत होत्या. कुणासाठी वाकलेला असतो हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांना त्याची दया येई.

मध्यंतरी शेजारच्या योगेशनं आपली पांढरी गाडी देऊ केली. तिला पुढून-मागून मिळून नऊ पोचे होते आणि एक आरसा दोरीनं बांधलेला होता. “काका, आजींना मीच सोडून देतो न विजय नगरला, दहा मिनिटांचं तर काम आहे,” असं तो म्हणाला. गुणवंतरावांनी त्याला चहा दिला आणि सौम्य शब्दांत समजावलं, की घरात स्वतःची गाडी असताना आईला दुसऱ्याच्या गाडीतून पाठवणं बरं दिसत नाही. योगेशलाही ते पटलं.

दहाव्या महिन्याच्या अखेरीस गाडीचं प्रगतिपुस्तक पुढीलप्रमाणे होतं. एकूण धावलेले किलोमीटर : एकेचाळीस. पैकी शोरूम ते घर, सात. पेट्रोल पंप, चार. ओरखडे दाखवण्यासाठी व काढून घेण्यासाठी अनिमेषचा स्टुडिओ, जाऊन-येऊन सहा, अशा पाच फेऱ्यांचे तीस. बेबीताईंचं घर : निरंक.

आता या पाच फेऱ्यांविषयी. ओरखडे काढायचे म्हणजे भरून काढायचे नसतात; त्यांच्या आजूबाजूचा थर यंत्रानं घासून त्यांच्या पातळीला आणायचा असतो. म्हणजे व्रण नाहीसा करण्यासाठी भोवतालची कातडी सोलायची. तो सगळा थर मुळात केसाच्या जाडीहूनही कमी. पाचव्या फेरीत, तिसऱ्यांदा घासून झाल्यावर, अनिमेषनं मोजणीचं यंत्र लावून पाहिलं आणि हात जोडले. “सर, बस. अब और नहीं घिस सकते. इसके बाद नीचे का रंग ही निकल आएगा.”

त्या दिवशी मात्र गाडी खरोखरच निष्कलंक होती. गुणवंतरावांनी चारी बाजूंनी टॉर्च मारला. एक तंतू दिसला नाही. बॉनेटमध्ये त्यांना स्वतःचा चेहरा दिसला आणि तो त्यांना बरा वाटला. वरून अनिमेषनं संरक्षक लेप चढवला होता, तो पक्का व्हायला सात दिवस लागतात. सात दिवस गाडी नुसती पोर्चमध्ये उभी ठेवायची होती. आठव्या दिवशी, रविवारी, विजय नगर. त्यांनी तसं आईला सांगितलं. इंदिराबाईंनी बेबीला कळवलं. बेबीताईंनी तीनदा विचारून खात्री करून घेतली.

आठव्या दिवशी सकाळी गुणवंतराव टॉर्च घेऊन बाहेर आले, तर बॉनेटवर जाळं. चारी दरवाजांवर जाळं.

याआधी दोनदा नेमकं हेच झालं होतं, तेव्हा त्यांनी ते हवामानावर घातलं होतं. या वेळी त्यांनी खातेनिहाय चौकशी सुरू केली. संशयितांची यादी केली : मांजर, चिमण्या, वारा, योगेशच्या घरचा क्रिकेटचा चेंडू, आणि कंपनीचा मूळ दोष. पाहणीत एक विलक्षण गोष्ट आढळली. ओरखडे जमिनीपासून साडेचार फुटांपर्यंतच होते. गाडीचं छत मात्र स्वच्छ होतं. चिमण्या यातून निर्दोष सुटल्या. उंच मांजर हा निष्कर्ष काढून मांजराला तीन दिवस निगराणीखाली ठेवण्यात आलं.

“पप्पा, मांजर को छोड़ दो, ती बेचारी काय करते?” त्यांची मुलगी ऋचा म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र वाक्य अर्ध्यात हिंदीच्या गल्लीत वळतं. “चलो, मी कॅमेरा लावून देते. मोबाइलवर दिसते सगळं, आवाज पण येते.”

मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, गुणवंतरावांनी कार्यालयात डबा बाजूला सारून मोबाइलवर सकाळचं रेकॉर्डिंग उघडलं.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी घराचं दार उघडलं. इंदिराबाई भिंत धरत धरत बाहेर आल्या. एका हातात प्लास्टिकचं स्टूल, दुसऱ्या हातात घडी केलेला एक फडका. तो फडका गुणवंतरावांनी ओळखला. आईचं जुनं जांभळं लुगडं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्याच्या एका तुकड्यात त्यांना लहानपणी गुंडाळत, आणि उरलेल्यानं आजवर घरातले देव पुसले जात. इंदिराबाईंनी बॉनेटशी स्टूल ठेवलं, त्यावर बसल्या, बॉनेटवर तोंडानं हा करून वाफ सोडली, आणि समई लखलखीत करावी तशा पुसू लागल्या. कोरडं. गोल. अंगातली सगळी ताकद लावून. मग स्टूल पुढच्या दाराशी, मग मागच्या.

गुणवंतरावांनी हाताशी असलेल्या पाकिटाच्या मागे सवयीनं टिपण केलं : ‘कोरडा फडका. वर्तुळाकार. दाब मध्यम. कालावधी पस्तीस मिनिटे.’ मग त्यांच्या लक्षात आलं की आई काहीतरी बोलते आहे. त्यांनी आवाज वाढवला.

“चल बाई, झाली चकाचक,” इंदिराबाई गाडीला सांगत होत्या. “मागच्या वेळी कुठं तरी राहून गेला असेल डाग, म्हणून नाही नेलं त्यानं. बिचारा किती खपते उन्हातानात माझ्यापायी. आता मी काही ठेवतच नाही. या रविवारी बेबीकडे नेतेच तो, पाहजो तू.” मग त्या वाकून दरवाजात पाहू लागल्या, आणि तिथं स्वतःचं तोंड दिसलं तसा त्यांनी पदर सारखा केला.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. चौथा नियम त्यांना तोंडपाठ होता, कारण दर शनिवारी तोच ऐकायला मिळे. पहिला नियम त्यांना कुणी वाचून दाखवलाच नव्हता, आणि भिंतीवरची बारीक अक्षरं त्यांना चष्म्यातूनही लागत नसत. गाडी निष्कलंक झाली की मुलगा नेणार. मग ती निष्कलंक करायला आपणही हातभार लावावा, इतका सरळ हिशेब होता. आई पुसत होती म्हणून ओरखडे पडत होते. ओरखडे पडत होते म्हणून तो नेत नव्हता. तो नेत नव्हता म्हणून ती पुसत होती. अकरा महिने, आठवड्याचे पाच दिवस, रोज पस्तीस मिनिटं, म्हणजे सुमारे एकशे चाळीस तास. एवढ्या वेळात इंदिराबाई भिंत धरत पायी निघाल्या असत्या तरी विजय नगरला पोचून परत आल्या असत्या.

गुणवंतरावांना रडू आलं. चांगलं हुंदका देऊन आलं. शिपायानं “क्या हुआ, साब?” म्हणून विचारलंही. आवक-जावक शाखेत तीस वर्षांत नोंद न झालेली ही एकच गोष्ट.

त्यांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं : ‘संदर्भ : मेरा ग्यारह माह पूर्व का आवेदन, प्रयोजन वही.’ साहेबांनी न वाचता सही केली.

घरी आले तेव्हा इंदिराबाई ताटात तांदूळ निवडत होत्या.

“चल आई, बेबीमावशीकडे.”

“आता? मंगळवारी?”

“आत्ता.”

इंदिराबाई उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, बाहेर नजर टाकली आणि मान हलवली. “नको रे. धूळ पाह्य किती उडून राहिली. रस्ता खणला हाये. गाडीला रेषा पडतील न.”

“पडू दे.”

“असं कसं पडू दे? अकरा महिने खपला तू. एका दिवसापायी काहून वाया घालवतो? रविवारी पाहू.”

गुणवंतरावांनी युक्तिवाद केला. धूळ थोडीच आहे म्हणाले. इंदिराबाई म्हणाल्या, थोडी धूळ जास्त वाईट, ती दिसत नाही (हे वाक्य त्यांचंच होतं, मे महिन्यातलं). आल्यावर धुऊन टाकू म्हणाले. इंदिराबाईंनी विचारलं, आजच्या उन्हात? पाण्याचे डाग नाही पडणार? हे त्यांचंच जूनमधलं. नियमावली इतकी पक्की झाली होती की खुद्द तिच्या कर्त्यालाच तिच्यातून बाहेर पडायची वाट सापडेना.

“आणि खरं सांगू का,” इंदिराबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, “गाडी अजून साफच नाही झाली. छत राहिलं हाये. माझा हात नाही पोचत तिथं.”

गुपित फुटल्यासारखं त्यांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं.

गुणवंतराव तसेच आत वळले. देवघरात गेले, जांभळ्या लुगड्याचा फडका घेतला आणि पोर्चमध्ये आले. इतक्या दिवसांची धूळ छतावर बसली होती. त्यांनी फडका कोरडाच टेकवला आणि फिरवला, गोल, दाब मध्यम. फडक्याखाली खर्र असा आवाज झाला. तो त्यांच्या दाढांपर्यंत गेला. पहिला, तिसरा आणि पाचवा नियम एकाच वेळी मोडले. त्यांनी दुसरा गोल काढला, तिसरा काढला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं छत पुसून काढलं. इंदिराबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

“झाली?”

“झाली.”

“एकही डाग नाही?”

“एकही नाही, आई.”

“अच्छा,” इंदिराबाई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

चार किलोमीटरला बावीस मिनिटं लागली. इंदिराबाई पुढे बसल्या होत्या, दोन्ही हातांनी पट्टा धरून. विजय नगरला बेबीताई फाटकात उभ्या होत्या. गुणवंतरावांनी निघताना कळवलं होतं, त्यावरून विनताताईंनी शाळेतून फोन करून ठेवला होता. दोघी बहिणींनी हात धरून एकमेकींची तोंडं पाहून घेतली. मग “किती वाळली गं तू,” असं दोघीही एकदमच म्हणाल्या, आणि दोघींनाही पटकन ऐकू आलं.

एवढ्यात बेबीताईंची नजर गाडीवर गेली. “अगं बाई, नवी गाडी पहिल्यांदा दाराशी आली आणि मी अशीच उभी!” त्या आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. ओल्या कुंकवाचं बोट टेकवून त्यांनी बॉनेटच्या मधोमध वीतभर लांब-रुंद स्वस्तिक काढलं, नीट, दोनदा गिरवून. बोटात अंगठी होती. मग मूठभर अक्षता टाकल्या आणि नारळ टायरपाशी असा फोडला की पाणी दरवाजापर्यंत उडालं. गुणवंतराव दोन्ही हात पाठीमागे घेऊन, एका हातानं दुसरा हात घट्ट धरून उभे होते.

यावरून गुणवंतराव सुधारले, असा निष्कर्ष कुणी काढू नये. पुढच्या रविवारी ते दोन बादल्या घेऊन पोर्चमध्ये होतेच. कुंकवाचा गुलाबी ठसा बॉनेटवर कायमचा राहिला आहे. तो टॉर्चशिवाय दिसत नाही, पण टॉर्च आहे. इंदिराबाईंना घरातले देव आणि समई एवढ्यांवरच काम करण्याची सूचना मिळाली आहे आणि त्या ती बहुधा पाळतात. नियमावलीत एक दुरुस्ती मात्र झाली आहे. ती पेनानं, वळणदार अक्षरात, प्लास्टिकच्या आवरणावरूनच लिहिलेली आहे : ‘४-अ. मंगळवारी बाहेर धूळ नसते, असे समजण्यात यावे.’

ही हकिगत आजवर चेरीतालमध्ये सतरा लोकांनी ऐकली. पैकी सोळा जणांनी ऐकून झाल्यावर, गुणवंतराव शाम्पू कोणता वापरतात, असं विचारलं. सतराव्यानंही तेच विचारलं, फक्त बाजूला घेऊन विचारलं. दोघी बहिणी त्या मंगळवारी काय बोलल्या, हे कुणी विचारलं नाही, म्हणून ते इथंही आलेलं नाही.

वाचकांचं तसं नाही, याची खात्री आहे. तरी एक छोटी परीक्षा. गाडी धुवायला बादल्या किती? दोन. शाबास. पहिलीत काय, दुसरीत काय आणि तळाशी काय, हेही तुम्हाला आठवतं. एव्हाना मनातल्या मनात तुमच्या न्हाणीघरातल्या बादल्या मोजूनही झाल्या असतील. आता दुसरा प्रश्न. इंदिराबाईंचा कोणता गुडघा दुखतो, उजवा की डावा? वर सांगितलेलं आहे, एकदाच. आठवत नसेल तर मागे जाऊन शोधा. सावकाश शोधा, घाई नाही. तुमच्याही घरात कुणीतरी साडेआठपासून तयार होऊन बसलेलं असेलच, आणि त्या माणसाला रविवारपर्यंत थांबायची सवय असते.